परभणीच्या शाळेतील दोन भाषा

आम्हा परभणीकर मुसलमानांच्या घरात दखनी, मदरशात उर्दू आणि मोंढ्यात मराठी. हजरत तुराबुल हक यांच्या उरुसात फिरताना कोणती भाषा कुठे संपली आणि कोणती सुरू झाली, हे आमचे आम्हांलाही कळत नाही. पण मूल शाळेत घालायची वेळ आली की घरात वाद सुरू होतो : उर्दू की मराठी? या वादामागे शंभर वर्षांचा इतिहास आहे.

परभणी जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि कारभाराची भाषा उर्दू होती. १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ सुरू झाले. तिथे विज्ञान, कायदा, पुढे वैद्यकशास्त्रसुद्धा उर्दूतून शिकविले गेले. इंग्रजीच्या त्या काळात देशी भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा हा प्रयोग मोठाच होता आणि त्याचा आम्हांला अभिमान आहे. मात्र संस्थानातील बहुसंख्य प्रजा तेलुगू, मराठी, कन्नड बोलणारी होती, हेही विसरता येत नाही. गावात मराठीतून चार इयत्ता शिकलेला शेजारचा मुलगा पुढच्या शाळेत उर्दूशी अडखळत असे. त्याचे ते अडखळणे आमच्या वाडवडिलांनी पुरेसे ओळखले नाही.

सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले. १९५६ मध्ये मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आला. ज्या भाषेवर काल नोकरी मिळत होती, ती कचेरीतून गेली. आता अडखळण्याची पाळी आमच्या मुलांची होती. सुदैवाने १९५६ च्याच सातव्या घटनादुरुस्तीने भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय करण्याची जबाबदारी राज्यांवर टाकली. उर्दू शाळा टिकल्या, बालभारतीची उर्दू पुस्तके मुलांच्या हाती आली.

हक्क मिळाला, पण त्याचे पुढे काय केले? उर्दू शाळेत मराठी पास होण्यापुरतीच शिकविली, तर दहावी झालेली मुलगी महाविद्यालयात गप्प बसते आणि तहसीलचा अर्ज दुसऱ्याकडून भरून घेते. मराठी शाळेत उर्दूचा गंधही न लागलेल्या मुलाला आजोबांची जुनी पत्रे वाचता येत नाहीत. नुकसान दोघांचेही आहे.

२०२३ साली मराठा समाजाच्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली. मराठवाड्यातील निजामकालीन दप्तरे उघडली, तेव्हा कित्येक कागद उर्दूत आणि मोडीत निघाले. मराठी शेतकऱ्याच्या पणजोबांचे नाव वाचायला उर्दूचे जाणकार शोधावे लागले. ते नाव वाचून मराठीत उतरवायला माणूस दोन्ही भाषांचा लागतो.

असा माणूस शाळेतच घडतो. म्हणून उर्दू शाळेतील आपल्या मुलांसाठी पहिलीपासून मराठीचा चांगला शिक्षक आम्ही मागितला पाहिजे, आणि मराठी शाळेत जाणाऱ्यांना घरी रोज अर्धा तास उर्दू शिकविली पाहिजे. पहिली मागणी सरकारकडे आहे. दुसरी आपल्या स्वतःकडे.