ऊर्जा बचत चित्रकला स्पर्धा : खेड्यातल्या मुलांनी काय काढावं?

बुलढाणा : फ्रिज-पंख्यावर ताऱ्यांचं लेबल असतं ना, ती योजना चालवणारी केंद्राची संस्था म्हणजे ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो. हीच संस्था २००५ पासून शाळकरी मुलांसाठी राष्ट्रीय चित्रकला स्पर्धा घेते.

टप्पे : शाळा, राज्य आणि राष्ट्रीय.

गट : अलीकडे दोन. ५ वी ते ७ वी आणि ८ वी ते १० वी.

बक्षिसं : राष्ट्रीय बक्षिसं १४ डिसेंबरला, राष्ट्रीय ऊर्जा संवर्धन दिनी, दिल्लीत.

काय काढावं : हिरवी पृथ्वी सगळेच काढतात. तुम्ही रोज पाहता ते काढा. भरदिवसा जळणारा खांबावरचा दिवा, शेतातला सौर पंप, रात्रीच्या लाइनवर ओलीत करणारे बाबा.

हिशेब : ६० वॅटचा बल्ब रोज ५ तास जळाला तर महिन्याला ९ युनिट लागतात. ९ वॅटच्या एलईडीला १.३५ युनिट. हे आधी घरात करून दाखवा. पुढारपण तिथूनच सुरू होतं.

लक्षात ठेवा : पहिली फेरी शाळेतच होते. शाळेनं भाग घेतला नाही तर चांगलं चित्रही वहीतच राहतं. म्हणून पालकांनो, या वर्षीचा विषय आणि मुदत मुख्याध्यापकांना वेळेत विचारा.