हसणाऱ्याचे पान

मेहकरहून सिंदखेडराजाकडे जाताना वाटेत सुलतानपूर लागते. लोणारचे सरोवर पाहायला निघालेली मंडळी इथून वळतात. आमच्या या भागात लग्नाच्या पंगतीची एक अलिखित रीत आहे. पोटभर जेवायचे आणि जेवता जेवता यजमानाच्या थाटाला हसायचे. काही वर्षांपूर्वी अशाच एका लग्नात मी पंगतीला होतो. वरबाप एके काळी दुसऱ्याच्या शेतावर सालदार होता. पुढे त्याने स्वतःची जमीन केली, मग ट्रॅक्टर आले, मग ट्रक. मांडवात झुंबरे होती, वाढप्यांच्या डोक्याला फेटे होते आणि नवरदेवाला घोड्याऐवजी रथ होता. आमच्या ओळीत कुजबुज चालली होती. मीही हसलो, आणि हसता हसता तिसरी जिलेबी वाढून घेतली. घरी परतताना मात्र मला एकोणीसशे वर्षांहून जुनी एक पंगत आठवली आणि हसू जरा आवरले.

ती पंगत पेट्रोनियसच्या ‘सॅटिरिकॉन’ या लॅटिन कथेतली. पेट्रोनियस हा सम्राट नीरोच्या दरबारातला माणूस. कोणती गोष्ट रसिकतेची आणि कोणती नाही, हे दरबारात त्याच्या शब्दावर ठरत असे, असे इतिहासकार टॅसिटस सांगतो. त्याच्या कथेचे आज तुकडेच उरले आहेत. त्यांतला सर्वांत मोठा म्हणजे ट्रिमाल्किओची मेजवानी. तिचे संपूर्ण हस्तलिखित सतराव्या शतकाच्या मध्यावर डाल्मेशियातल्या ट्राऊ गावी सापडले, म्हणून ती आपल्यापर्यंत पोहोचली.

ट्रिमाल्किओ हा दास्यातून सुटलेला माणूस. लहानपणी आशियातून गुलाम म्हणून आला, धन्याच्या मर्जीत बसला, सुटला आणि धन्याच्या संपत्तीचा वाटेकरीही झाला. मग त्याने पाच जहाजे बांधून दारू भरली. पाचही बुडाली, एका दिवसात तीन कोटी सेस्टर्स समुद्राने गिळले. बायको फोर्चुनाटा हिने अंगावरचे दागिने आणि कपडे विकून त्याच्या हातावर शंभर सुवर्णनाणी ठेवली. पुढच्या एकाच सफरीत त्याने एक कोटी मिळवले.

असा माणूस जेवायला बोलावतो तेव्हा ताटात बारा राशी येतात, प्रत्येक राशीवर तिला साजेसा पदार्थ. भाजलेला रानडुक्कर येतो तो डोक्यावर मुक्त गुलामाची टोपी घालून. कारण आदल्या दिवशीच्या पाहुण्यांनी त्याला न खाताच ‘सोडून’ दिले होते. यजमानाला विद्वत्तेचीही हौस आहे. घरात ग्रीक आणि लॅटिन ग्रंथसंग्रह आहेत, पण ट्रॉय हॅनिबलने जिंकले असे तो बेधडक सांगतो. आपल्याकडे कुणी लंका शिवाजी महाराजांनी घेतली म्हणावे, तसेच हे. शेवटी दारूच्या भरात तो स्वतःच्याच अंत्यविधीची तालीम करतो. कर्णे इतक्या जोराने वाजतात की आग लागली असे समजून गावचे आग विझवणारे दार फोडून आत घुसतात.

या थाटात एक थाप आपल्या मुलखाशी नाते सांगते. ट्रिमाल्किओला सगळे घरचेच पिकवायचे असते, म्हणून त्याने अळंबीचे बी भारतातून मागवले आहे, असे पंगतीतला एकजण सांगतो. अळंबीला बी नसते, हा त्यातला विनोद. पण भारताचे नाव काही उगाच आलेले नाही. बहुतेक अभ्यासक ही मेजवानी नेपल्सच्या उपसागरावरच्या पुतेओली या बंदरातली मानतात. त्याच उपसागराच्या परिसरातले पॉम्पेई इ.स. 79 मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गेले. तिथे 1938 साली हस्तिदंताची एक भारतीय स्त्रीमूर्ती सापडली. तिच्याशी जवळचे साम्य असलेल्या हस्तिदंती मूर्ती मिळाल्या त्या मराठवाड्यात, तेर इथे आणि आमच्या शेजारच्या जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला. रोमन श्रीमंताच्या घरातली शोभा दख्खनच्या कारागिरांच्या हातांशी अशी जोडलेली होती. त्या पंगतीपासून आपण वाटतो तितके दूर नाही.

आता प्रश्न असा की ट्रिमाल्किओला हसतो कोण? लेखक उच्चकुलीन, सम्राटाच्या मर्जीतला. काल गुलाम असलेल्या माणसाला त्याने हसावे यात नवल ते काय? वरच्याने खालच्याला हसणे हा जगातला सर्वांत सोपा विनोद. पेट्रोनियस एवढ्यावर थांबला असता तर त्याची कथा केव्हाच शिळी झाली असती. पण त्याने दोन गोष्टी केल्या.

पहिली म्हणजे, गोष्ट त्याने स्वतः सांगितली नाही. ती एन्कोल्पियस नावाच्या शिकलेल्या, भटक्या, फुकट जेवणाऱ्या तरुणाच्या तोंडी घातली. तो यजमानाला मनातल्या मनात नावे ठेवतो आणि पुढचे ताट आले की हात धुऊन तयार असतो. तोंडावर स्तुती, मनात तुच्छता आणि पोटात यजमानाचेच अन्न! वाचणाऱ्याच्या ध्यानात हळूहळू येते की कथेचा नेम जितका ट्रिमाल्किओवर आहे, तितकाच या हसणाऱ्यावर आहे.

दुसरी गोष्ट, त्याने पंगतीला बोलू दिले. यजमान उठून गेला की पाहुणे आपापसात बोलू लागतात. धान्य महागले, पाऊस नाही, अधिकारी भ्रष्ट, अमका किती चांगला होता आणि मेला. हे सगळे दास्यातून सुटलेले लोक. त्यांची भाषा व्याकरणात चुकणारी, म्हणींनी भरलेली. रोमच्या साध्या माणसांचे बोलणे साहित्यात इतके जिवंत क्वचितच उतरले आहे. आणि खुद्द ट्रिमाल्किओ दारूच्या भरात एक गोष्ट बोलून जातो. गुलामही आपल्यासारखीच आईच्या दुधावर वाढलेली माणसे आहेत, असे तो म्हणतो. तिथे वाचक हसता हसता थांबतो.

याच्या उलट उदाहरण सेनेकाचे. तोही नीरोच्याच दरबारातला, मोठा तत्त्वज्ञ. सम्राट क्लॉडियसने त्याला इ.स. 41 मध्ये कॉर्सिका बेटावर धाडले होते. तिथून सेनेकाने सम्राटाची आणि त्याच्या कारभाऱ्याची तोंड भरून स्तुती लिहिली. इ.स. 54 मध्ये क्लॉडियस मेला. नीरोने केलेले त्याच्या गौरवाचे भाषण सेनेकानेच लिहून दिले होते, असे टॅसिटस सांगतो. आणि त्याच क्लॉडियसवर सेनेकाने एक छोटी उपहासकथाही लिहिली. मेलेल्या सम्राटाला देव करण्याची रीत होती. इथे नावातच त्याचा भोपळा केला आहे. गद्यात मधून मधून पद्य, आपल्या चंपूसारखा हा प्रकार. कथा चुरचुरीत आहे, पण तिच्यात क्लॉडियसच्या लंगड्या पायाला आणि अडखळत्या बोलण्याला हसू आहे. ज्याने काल आरती ओवाळली, त्या सेनेकाला मात्र कथेत कुठेच पान मांडलेले नाही. तो बाहेर, सुरक्षित उभा आहे.

पुढच्या शतकात उत्तर आफ्रिकेतल्या अपुलेयसने या प्रकाराला आणखी खोल नेले. प्राचीन लॅटिनमधली संपूर्ण उरलेली कादंबरी ही त्याचीच. तिचा नायक लूकियस जादूच्या नादी लागतो आणि चुकीचे मलम लावून गाढव होतो. त्याआधी एका गावात हास्यदेवाचा उत्सव असतो. तिथे लूकियसवर तीन खुनांचा खटला उभा राहतो. तो रडतो, गयावया करतो आणि सगळे गाव पोट धरून हसते. शेवटी प्रेतांवरचे कापड काढतात तर खाली दारूच्या फाटक्या पखाली! गावाच्या दृष्टीने ती गंमत. लूकियसच्या मनाला मात्र जखम. पुढे गाढव होऊन तो पिठाच्या चक्कीला जुंपला जातो, आणि चाबकाच्या वळांनी भरलेल्या अंगांचे गुलाम तिथे त्याला प्रथमच जवळून दिसतात. माणूस असताना ते त्याला कधी दिसले नव्हते.

आपल्या जिल्ह्याचा या परंपरेशी काय संबंध, असे कुणी विचारील. संबंध आहे. मराठी विनोदी गद्याचा पाया घालणारे श्रीपाद कृष्ण कोल्हटकर (1871–1934) यांनी खामगाव आणि जळगाव-जामोद इथे वकिली केली. कोर्टातली माणसे रोज पाहणाऱ्या या वकिलाचा ‘साक्षीदार’ हा पहिला विनोदी लेख ‘विविधज्ञानविस्तार’मध्ये 1902 साली आला. त्यातून ‘सुदाम्याचे पोहे’ उभे राहिले. कोल्हटकरांनी पेट्रोनियस वाचला होता, असे मला म्हणायचे नाही. पण युक्ती तीच आहे. सुदामा, बंडूनाना आणि पांडूतात्या हे रूढींचे विरोधक नव्हेत, कैवारी आहेत. ते इतक्या निष्ठेने रूढी पाळतात की रूढीच उघडी पडते. आणि कोल्हटकर ज्या पांढरपेशा समाजाला हसतात, तो त्यांचा स्वतःचाच. खालच्याला हसण्याची सोपी वाट त्यांनी धरली नाही.

एक योगायोगही सांगण्याजोगा आहे. उपहासाला रोमन लोक ‘सातुरा’ म्हणत. त्याच्या एका जुन्या व्युत्पत्तीप्रमाणे तो देवाला दाखवलेल्या, नाना जिनसांनी भरलेल्या ताटाचा शब्द. कोल्हटकरांनी आपल्या लेखांना पोहे म्हटले, आणि पहिल्या अठरा लेखांच्या पुस्तकाला अठरा धान्यांचे कडबोळे. दोन्हीकडे उपहास हा खाण्याचा पदार्थ आहे, आणि खाण्यासाठी पंगतीत बसावे लागते.

पेट्रोनियसला इ.स. 66 मध्ये नीरोच्या संशयामुळे मरण पत्करावे लागले. मरताना त्याने सम्राटाच्या दुष्कृत्यांची यादी लिहून, मोहोर करून त्यालाच पाठवली. सेनेकालाही एक वर्ष आधी तसेच मरावे लागले होते. सत्तेपुढे दोघांचा शेवट सारखाच झाला. पण दोघांच्या हसण्याची जात वेगळी होती, आणि ती वाचणाऱ्याला आजही कळते.

त्या लग्नातला वरबाप शेवटी आमच्या ओळीत आला होता. हात जोडून त्याने प्रत्येकाला विचारले, पोटभर झाले ना? स्वतः तो अजून जेवला नव्हता. एके काळी अशाच पंगतींच्या कडेला उभा राहून त्याने पत्रावळी उचलल्या असतील. आम्ही सगळे म्हणालो, झाले, झाले. हा प्रसंग पेट्रोनियसने लिहिला असता तर वरबापाची झुंबरे त्यात आलीच असती. पण तिसरी जिलेबी घेणारा मीही सुटलो नसतो.