सेकंडहँड लॅपटॉप तापतोय? आधी बॅटरी बघा, मग पंखा

पनवेल : अकरावीचा प्रवेश अर्ज, महाडीबीटीचा फॉर्म, एमएससीआयटीचा सराव, नाहीतर घरबसल्या डेटा एंट्रीचं काम. कारण कोणतंही असो, तालुक्यातल्या गावागावांत आता लॅपटॉप पोचला आहे, आणि बहुतेक घरांत तो जुना आहे. कंपन्यांनी तीन-चार वर्षं वापरून काढून टाकलेली मशिनं मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणि इथल्या दुकानांतून पंधरा-वीस हजारांत मिळतात. सौदा वाईट नाही. कंपनीसाठी बनवलेला जुना लॅपटॉप कित्येकदा नव्या स्वस्त लॅपटॉपपेक्षा दणकट निघतो. तक्रार येते ती महिन्या-दोन महिन्यांनी, आणि ती एकच असते : तापतो, पंखा घरघरतो, आणि ऐन फॉर्म भरताना बंद पडतो.

तापणं दोन प्रकारचं असतं. एकात काम खोळंबतं, दुसऱ्यात घर पेटू शकतं. म्हणून धोक्याचं आधी.

बॅटरी फुगली असेल तर

लॅपटॉप बंद करा आणि सपाट पाटावर ठेवा. चारही पाय टेकतात का? मशीन डुगडुगतंय, टचपॅड वर आलाय किंवा दाबला जात नाही, कीबोर्डच्या मधोमध उंचवटा आलाय, झाकण नीट बसत नाही, यातलं काहीही दिसलं तर बॅटरी फुगलेली असू शकते. लिथियम-आयन बॅटरी जुनी झाली, सतत उष्णतेत राहिली की आत वायू धरतो. अशा बॅटरीला टोचणं, दाबून बसवणं, ‘तोवर चालेल’ म्हणून चार्जिंगला लावणं, तिन्ही जिवावर बेतू शकतं. चार्जर काढायचा, मशीन बंद ठेवायचं, पोरांच्या हाताला लागणार नाही अशा जागी, गवत-लाकूड-गॅसपासून लांब ठेवायचं आणि बॅटरी दुकानदाराकडूनच काढून घ्यायची.

हे नुसतं भीती घालणं नाही. २००६ मध्ये डेल कंपनीने लॅपटॉपच्या सुमारे ४१ लाख बॅटऱ्या आगीच्या धोक्यामुळे परत मागवल्या होत्या. २०१९ मध्ये अ‍ॅपलने २०१५ ते २०१७ या काळात विकलेल्या पंधरा इंची मॅकबुक प्रोच्या काही बॅटऱ्या याच कारणासाठी बदलून दिल्या, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आपल्या देशात डीजीसीएने ते लॅपटॉप विमानात नेऊ नका असं प्रवाशांना सांगितलं. ही मोठ्या कंपन्यांच्या अस्सल बॅटऱ्यांची गोष्ट झाली. बिनशिक्क्याच्या स्वस्त बॅटरीला तर मायबापच नसतो.

धूर यायलाच लागला तर आधी घराचा मेन स्विच पाडा आणि माणसं बाहेर काढा. तो धूर विषारी असतो, तोंडाला फडकं बांधून भागत नाही. वीज बंद झाल्याची खात्री असेल आणि लांबून जमत असेल तरच भरपूर पाणी मारा. बॅटरीची आग पाण्याने थंड करावी लागते, थोडं शिंपडून उपयोग नाही, ती पुन्हा पेटते. फोन १०१ किंवा ११२ ला.

बॅटरी फुगलेली नाही, पण किती थकली आहे हे बघायचं असेल तर विंडोजमध्येच सोय आहे. कमांड प्रॉम्प्ट उघडून इंग्रजी अक्षरांत ‘पॉवरसीएफजी’, मग एक जागा सोडून तिरपी रेघ आणि तिला चिकटून ‘बॅटरीरिपोर्ट’ टाइप करा. तयार झालेल्या फाइलमध्ये ‘डिझाइन कपॅसिटी’ आणि ‘फुल चार्ज कपॅसिटी’ असे दोन आकडे मिळतात. दुसरा आकडा पहिल्याच्या निम्म्यावर आला असेल तर बॅटरी बदलायचा खर्च धरूनच भाव करा.

धूळ, तवंग आणि वाळलेली पेस्ट

बॅटरी ठीक असेल तर दहातल्या आठ मशिनांचं दुखणं साधं असतं. आत प्रोसेसरवर तांब्याची नळी बसवलेली असते. ती उष्णता कडेच्या बारीक पात्यांपर्यंत नेते आणि पंखा तिथून गरम हवा बाहेर फेकतो. ट्रॅक्टरच्या रेडिएटरसारखंच. रेडिएटरच्या जाळीत भुसा अडकला की इंजिन तापतं, इथे धूळ अडकते.

पनवेल तालुक्यात धुळीला तोटा नाही. खाणींची खडी, तळोजा एमआयडीसी आणि बंदराकडे जाणारे ट्रेलर, जिकडे तिकडे चाललेली बांधकामं, त्यात भाताच्या झोडणीचा बारीक भुसा. घरात चुलीचा किंवा फोडणीचा तेलकट धूर असला की हीच धूळ पात्यांवर नमद्यासारखी चिकटून बसते. पंखा फिरत राहतो, आवाज करतो, पण हवा बाहेर येत नाही. झडपेसमोर तळहात धरून बघा : पंखा जोरात आणि हवा मात्र नावाला, म्हणजे जाळी तुंबली. आवाजच नाही आणि मशीन गरम, म्हणजे पंखाच बसला. पावसाळ्यात दोन-तीन महिने कपाटात पडून राहिलेल्या लॅपटॉपमध्ये मुंग्या आणि झुरळंही निघतात, त्यामुळे काढल्या काढल्या चालू करू नये.

साफसफाई घरी करायची तर मशीन पूर्ण बंद, चार्जर काढलेला, आणि बॅटरी निघत असेल तर तीही काढलेली हवी. मागचे स्क्रू लहान-मोठे असतात. कागदावर मशीनचं चित्र काढून त्या त्या जागी ठेवले तर परत लावताना गोंधळ होत नाही. रंगाच्या कोरड्या मऊ ब्रशने धूळ काढा. पंखा काडीने अडवून धरा आणि मगच हवा मारा. पंक्चरवाल्याच्या कंप्रेसरवर लॅपटॉप नेण्याची टूम गावात आहे, ती सोडलेली बरी. त्या टाकीत पाणी साचलेलं असतं, ते हवेबरोबर बोर्डावर जातं, आणि एवढ्या दाबाने पंख्याची पाती किंवा बेअरिंग जातं. तोंडाने फुंकलं तर थुंकी जाते.

धूळ काढूनही फरक पडला नाही तर थर्मल पेस्ट वाळलेली असणार. प्रोसेसर आणि तांब्याच्या पट्टीमधला हा लेप काही वर्षांत खडूसारखा होतो आणि उष्णता पुढे जात नाही. जुना लेप पुसून नवा तांदळाच्या दाण्याएवढा लावायचा. जास्त लावला म्हणजे जास्त थंड, असं नसतं. हात बसलेला नसेल तर हे काम दुकानात द्यावं. समोर बसून करून घ्यावं, कारण ‘सर्व्हिस केली’ म्हणून नुसतं बाहेरून पुसून देणारेही आहेत.

तापमान मोजायला ‘कोअर टेम्प’सारखं फुकट सॉफ्टवेअर आहे. साध्या वापरात ४० ते ६० अंश, जोरात काम असताना ८०-८५ अंश हे चालतं. ९५ च्या वर सतत राहत असेल तर मशीन उघडायची वेळ झाली. बहुतेक इंटेल प्रोसेसर १०० अंशांच्या आसपास स्वतःचा वेग कमी करतात, त्याने भागलं नाही तर मशीन बंद होतं. फॉर्म भरताना बंद पडण्याचं कारण बहुधा हेच.

पत्र्याच्या घरात उन्हाळ्याची दुपार वेगळी. लॅपटॉप साधारण ३५ अंशांपर्यंतच्या खोलीसाठी बनवलेले असतात आणि पत्र्याखाली एप्रिल-मेमध्ये तो आकडा सहज ओलांडला जातो. जड काम सकाळी किंवा रात्री उरकावं. गोधडीवर, उशीवर लॅपटॉप कधीच नको, कारण हवा खालून आत जाते. पाटावर ठेवून मागच्या दोन पायांखाली बाटलीची बुचं ठेवली तरी पाच-सात अंशांचा फरक पडू शकतो. विकतच्या कूलिंग पॅडची घाई नको, जाळी तुंबलेली असेल तर तो काही करू शकत नाही.

सॉफ्टवेअरचं थोडक्यात : कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा, प्रोसेसर कोण खातंय ते दिसेल. पॉवर ऑप्शन्समध्ये ‘मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट’ दिसत असेल तर १०० चं ९९ करा. वेग थोडा कमी होतो, उष्णता बरीच.

चार्जर आणि खरेदी

चार्जर मूळचा आहे का, हे कोणी विचारत नाही. व्होल्ट मूळ चार्जरइतकेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त. लॅपटॉपच्या अडॅप्टरला भारतीय मानक ब्युरोची नोंदणी सक्तीची आहे. शिक्क्याखाली ‘आर’ अक्षराने सुरू होणारा क्रमांक असतो, तो ‘बीआयएस केअर’ या मोफत अ‍ॅपवर टाकून खरा-खोटा तपासता येतो. बॅटरी घेतानाही तो क्रमांक आणि आयएस १६०४६ हे मानक बघा.

दुकानात पाच मिनिटं चालवून लॅपटॉप घेऊ नका. अर्धा तास व्हिडिओ चालू ठेवा, तोवर चहा घ्या, मग खालून हात लावा. हात टिकत नसेल तर सोडा. विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची लागते. प्रोसेसरच्या नावात आय-५ नंतर ६३०० सारखा आकडा असेल तर ती सहावी पिढी, ८२५० असेल तर आठवी. बिल घ्या आणि त्यावर किती दिवसांची हमी ते लिहून घ्या.

काढलेली जुनी बॅटरी उकिरड्यावर टाकू नका, चुलीत तर नकोच. भंगारवाला ती फोडतो, तेव्हा त्याचाही जीव धोक्यात येतो. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार वापरलेली बॅटरी गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. त्यामुळे नवी बॅटरी ज्याच्याकडून घ्याल त्यालाच जुनी परत घ्यायला सांगा, आणि हे पैसे देण्याआधी ठरवा.