बहरीनच्या पाणबुड्याची वही

इराणच्या आखातात बहरीन नावाचे चिमुकले द्वीपराज्य आहे. हल्ली आपल्याकडील पुष्कळ मंडळी तेथे नोकरीस असतात. तिकडून फोन आला की घरचे विचारतात, ‘पगार झाला का?’ हा प्रश्न त्या देशात फार जुना आहे. तो कसा, ते पाहू.

तेथे १९३२ साली तेल सापडले. त्यापूर्वी देश जगे तो मोत्यांवर. उन्हाळ्यात सुमारे चार महिने गलबते समुद्रावर असत. पाणबुडा नाकाला चिमटा लावून, दगडाच्या भाराने तळाशी जाई व शिंपले गोळा करी. वरचा गडी दोराने त्याला ओढून घेई. यातले पुष्कळ मोती मुंबईच्या बाजारात येत. गलबताच्या प्रमुखाला तेथे ‘नाखुदा’ म्हणत. आपल्या कोकणातला ‘नाखवा’ तो हाच शब्द.

पाणबुड्याला महिन्याचा पगार नसे. विक्रीतून खर्च वजा जाता जे उरे, त्यात त्याचा वाटा. मधल्या दिवसांत घर चालावे म्हणून नाखुदा त्याला आगाऊ रक्कम देई आणि पुढे ती वाट्यातून कापून घेई. वाटा अपुरा पडला की बाकी पुढल्या सालावर. हिशेब सगळा नाखुद्याच्या हाती. कर्ज फिटेपर्यंत दुसऱ्या गलबतावर जाण्याची सोय नाही, आणि बाप गेला तर ते कर्ज मुलाच्या गळ्यात! आपल्याकडचे सालगडी ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना याचा अर्थ सांगायला नको.

१९२० नंतरच्या दशकात तेथे सुधारणा झाल्या. नाखुद्याने हिशेब लिहून ठेवावा, प्रत्येक पाणबुड्याला स्वतःची वही द्यावी, बापाचे कर्ज मुलावर लादू नये, असे नियम झाले. आगाऊ रकमेलाही मर्यादा घातली. तुम्हाला वाटेल, पाणबुडे आनंदले असतील. पण आगाऊ रक्कम घटली तर हिवाळ्यात चूल कशी पेटावी? १९३२ मध्ये पाणबुड्यांची दंगल झाली. वही मिळाली, तरी पोटाची तरतूद झाली नव्हती.

पुढे जपानी मोत्यांनी तो धंदा बसवला. तेलाबरोबर महिन्याची मजुरी आली. १९६५ पर्यंत ती रुपयांतच मोजली जाई.

आता तेथे २०१२ चा कामगार कायदा आहे. मासिक पगार महिन्यातून निदान एकदा दिलाच पाहिजे. उशीर केला तर मालकाला त्यावर वार्षिक ६ टक्के भरपाई द्यावी लागते. उशीर सहा महिन्यांपलीकडे गेला की ती वाढत १२ टक्क्यांपर्यंत जाते. मालकाने उसने दिले असतील, तर त्यापोटी पगाराच्या १० टक्क्यांहून अधिक कापता येत नाही, आणि व्याज तर मुळीच नाही. २०२१ पासून टप्प्याटप्प्याने पगार बँकेमार्फत देण्याची सक्ती झाली. घरकामगारांना मात्र या कायद्याची थोडीच कलमे लागू आहेत, हे ध्यानात ठेवा.

आणखी एक गोष्ट. हा कायदा मालकाच्या कर्जाला आवर घालतो. जाण्यासाठी गावात सावकाराकडून काढलेल्या कर्जाला नाही. तेव्हा शिक्षकांनो, गावचा एखादा तरुण करारपत्र घेऊन तुमच्याकडे आला, तर पगाराचा आकडा वाचून थांबू नका. कपात किती, मूळ वेतन किती, हेही त्याला वाचून दाखवा. एक प्रत त्याच्या घरी ठेवायला सांगा, आणि गावातल्या कर्जाचा हिशेब त्याला निघण्यापूर्वीच मांडायला लावा.