भिऱ्याची वीज आणि नभोवाणीची घूंघूं

१९२७ हें वर्ष मुंबईकरांनीं दोन कारणांकरितां लक्षांत ठेवण्यासारखें आहे. त्या वर्षीं २३ जुलै रोजीं व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्तें इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचें मुंबई केंद्र उघडलें. आणि त्याच वर्षीं, तेव्हांच्या कुलाबा जिल्ह्यांत, माणगांव तालुक्यांतील भिरा येथें टाटांचें जलविद्युत्-केंद्र सुरू झालें. पहिल्या घटनेचा उल्लेख नभोवाणीच्या इतिहासांत हटकून सांपडतो, दुसरीचा क्वचितच. वस्तुतः मुंबईच्या दिवाणखान्यांत गाण्यामागें जी एक मंद, अखंड घूंघूं पुढें कित्येक वर्षें ऐकूं येत असे, तिचा माग काढीत गेल्यास वाट भिऱ्याकडेच वळते.

मुळशीच्या धरणांत अडविलेलें पाणी सह्याद्रि ओलांडून कोंकणांत आणलें गेलें आणि सुमारें ५०० मीटरांवरून भिऱ्याच्या चक्रांवर सोडण्यांत आलें. या पाण्याची किंमत घांटावरील मावळ्यांनीं दिली. आपल्या जमिनी बुडूं नयेत म्हणून त्यांनीं १९२१ मध्यें सत्याग्रह आरंभिला. पांडुरंग महादेव बापट यांस ‘सेनापति’ ही पदवी लाभली ती याच लढ्यांत. लढा हरला, धरण उभें राहिलें. घांटाखालीं तरी काय झालें? वीज निघाली ती तारांवरून मुंबईच्या गिरण्यांकडे व घरांकडे. ज्या खेड्यांवरून त्या तारा गेल्या, त्यांतील बहुतेकांत पुढेंही बराच काळ कंदीलच जळत होते.

नभोवाणीचीं आरंभींचीं यंत्रें मात्र या विजेचीं ऋणी नव्हतीं. तीं बॅटरीवर चालत. बॅटरीचा प्रवाह एकाच दिशेनें, संथपणें वाहतो. त्यामुळें अशा यंत्रांत घूंघूं नसे. त्रास निराळाच होता. अ‍ॅक्युम्युलेटर उचलून भरावयास न्यावा लागे, त्यांतील तेजाब सांडे, आणि नेमका गाण्याच्या वेळीं तो संपे! भिंतींतील विजेवर चालणारें यंत्र बाजारांत येतांच शहरवासीयांनीं त्याचें स्वागत केलें, यांत नवल नाहीं.

परंतु भिंतींतील वीज एका दिशेनें वाहत नाहीं. सेकंदास ५० वेळां तिचें चक्र पुरें होतें. यंत्रांतील व्हॉल्व्हला एकदिश प्रवाह लागतो, म्हणून तिला सरळ करावें लागतें; तसें करतांना सेकंदास १०० हेलकावे शिल्लक राहतात. हे हेलकावे कर्ण्यापर्यंत पोंचले कीं त्यांचाच स्वर होतो. हा स्वर पांढरी एक पट्टीच्या मंद्र पंचमापासून अगदीं जवळ आहे. त्या पंचमाचीं कंपनें सुमारें ९८, या घूंघूंचीं १००. अशा पट्टीचा तंबोरा यंत्रांतून वाजूं लागला, कीं दोन्ही स्वर एकमेकांस सेकंदास दोन वेळां डोलवितात, आणि जाणत्या श्रोत्यासही क्षणभर वाटावें कीं गवयाचाच तंबोरा उतरला आहे! १९४० मध्यें ऑल इंडिया रेडिओनें बाजाच्या पेटीला श्रुतींच्या कारणास्तव आपल्या केंद्रांतून हद्दपार केलें. श्रोत्याच्या घरांतली ही दुसरी पेटी मात्र आपला पंचम लावून निर्धास्त बसली होती.

तिला गप्प करण्याचे उपाय एकदम सुचले नाहींत. पहिल्या व्हॉल्व्हमध्यें तापलेला तंतुच विद्युत्कण सोडीत असे. त्यास उलटसुलट वीज दिली कीं तो स्वतःच गुणगुणे. मग तंतूभोंवतीं एक बारीक नळी बसवून विद्युत्कण सोडण्याचें काम तिच्याकडे देण्यांत आलें. ही नळी थंड होण्यास इतकी आळशी, कीं विजेच्या चढउतारांची तिला वार्ताच लागत नाहीं. दुसरा उपाय कंडेन्सर आणि चोक यांचा. मोटेचें पाणी भसाभसा येतें, पण थारोळ्यांत पडून पाटानें निघालें म्हणजे संथ वाहतें. हेलकावणाऱ्या विजेचें येथें तसेंच होतें. तिसरी युक्ति सर्वांत चतुर. कर्ण्यांत मूळ वेटोळ्याबरोबर तारेचे थोडे उलटे वेढे घालीत, म्हणजे घूंघूं घूंघूंसच खोडून काढी. कांट्यानें कांटा काढावा, तो असा.

एवढें करूनही जुनीं यंत्रें वयोमानानें पुन्हां घुमूं लागत, कारण कंडेन्सरमधील ओलावा उष्णतेनें सुकतो. तो बदलला कीं यंत्र पूर्ववत् होई. कित्येक घरांतून चांगलीं यंत्रें या एका जिनसेपायीं भंगारांत गेलीं, हें खेदाचें आहे.

आज व्हॉल्व्ह गेले, तरी घूंघूं गेली नाहीं. आतां ती बहुधा जमिनीकडून येते. संगणक एका खोलींत आणि ध्वनिवर्धक दुसऱ्या खोलींत जमिनीस जोडलेला असला, तर त्या दोन जागांतील विजेच्या पातळींत किंचित् फरक पडतो आणि जोडतारेच्या आवरणांतून ५० चक्रांचा प्रवाह वाहूं लागतो. ती आतां एकट्या भिऱ्याचीही राहिलेली नाहीं. ३१ डिसेंबर १९१३ नव्हे, २०१३ रोजीं दक्षिणेचें जाळें उरलेल्या देशाशीं जोडलें गेलें. तेव्हांपासून देशभरचीं मोठीं केंद्रें एकाच ठेक्यावर फिरतात. परीक्षा सोपी आहे. ध्वनिवर्धकाची जोडतार काढून पाहावी. आवाज थांबला, तर तो तारेवाटें येत होता; चालूच राहिला, तर दोष ध्वनिवर्धकांतच आहे. तारेवाटें येत असल्यास दोन्ही उपकरणें एकाच फळीवरून चालवावीं. तेवढ्यानें न भागल्यास जोडतारेच्या मधोमध लहानसा ट्रान्सफॉर्मर घालावा. त्यांतून गाणें पार होतें, पण दोन्हीं बाजूंच्या तारा एकमेकींस शिवत नाहींत. कांहीं जण प्लगची तिसरी, जाड पिन काढून टाकतात. आवाज थांबतो खरा. परंतु यंत्रांत बिघाड होऊन धातूच्या पेटींत वीज उतरली, तर तिला जमिनींत जाण्याची वाट तीच असते, आणि ती बंद केल्यावर वीज पेटीस हात लावणाऱ्याच्या देहांतून जाते.