चुलीत मांजर

एखाद्याच्या चुलीत मांजर निजलं, म्हणजे त्या घरात काही शिजलेलं नाही, असं आपल्याकडे बोलायची पद्धत आहे. माझ्या आजीला मात्र हे बोलणं कधी पटलं नाही. ती म्हणायची, "मांजर काय येडं हाये का गार चुलीत निजायला? ते ऊब असंल तिथंच जातं. चुलीत मांजर दिसलं, तर समजावं की सांजच्याला या घरात भाकर झाली."

आमचं गाव निफाड तालुक्यात, सिन्नरच्या हद्दीला लागून. कालव्याचं पाणी आमच्याकडे फार उशिरा आलं. थंडी मात्र आधीपासूनच होती. निफाडची थंडी आता वर्तमानपत्रांमुळे सगळ्यांना माहीत झाली आहे. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा किती उतरला, याची बातमी दर हिवाळ्यात येते. द्राक्षबागा आल्यापासून पहाटे बागेत शेकोट्या पेटवून धूर करतात, म्हणजे मणी तडकत नाहीत. पण बागा नव्हत्या तेव्हाही ही थंडी होतीच, आणि त्या थंडीत घरातली सगळी माणसं, म्हातारी आणि जनावरं धरून, कशी तगत होती, हे मला पुष्कळ उशिरा, एका लंगड्या मांजरीमुळे कळलं.

आमचं जुनं घर धाब्याचं. मातीच्या दीड-दोन हात रुंद भिंती, वर लाकडी तुळया आणि त्यावर माती. दिवसभर भिंती ऊन पीत आणि रात्री हळूहळू सोडत. स्वयंपाकघरात भिंतीला लागून चूल, तिच्या बाजूला वैल, आणि मागे मातीचा उंचवटा, तो भानवस. त्यावर दुधाचं पातेलं, कालवणाचं गाडगं ठेवलं की रात्रीपर्यंत कोमट राही. जेवणं उरकली की आई निखारे राखेखाली दडपून ठेवी, म्हणजे पहाटे काडी न ओढता चूल पेटे. या दडपलेल्या आराची ऊब रात्रभर पुरे. मांजर आधी भानवसावर असे, मध्यरात्री वैलाशी येई, आणि पहाटे पाहावं तर थेट चुलीच्या तोंडाशी राखेत. आमच्या सगळ्याच मांजरांच्या मिशा जळक्या असत. मांजराच्या मिशा तशाच असतात, असं मी लहानपणी समजत होतो.

मांजर आमच्या घरात लाडाचं म्हणून नव्हतं. ते कणगीसाठी होतं. माणसाचं आणि मांजराचं नातं जगभर असंच धान्यापासून सुरू झालं. पश्चिम आशियात माणूस शेती करू लागला, धान्य साठवू लागला. धान्याला उंदीर आले आणि उंदरांमागे त्या कोरड्या, उन्हाळी मुलखातलं रानमांजर आलं. सायप्रस बेटावर सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीची एक कबर सापडली आहे. तीत माणसाशेजारी मांजर पुरलेलं आहे. मूळ असं उन्हाळी मुलखातलं असल्यानं तिशीच्या पुढच्या ज्या हवेत आपण पंखा लावतो, त्या हवेत मांजर मजेत पसरतं. मग आमच्या पौषातल्या पहाटे त्याला काय वाटत असेल, याचा हिशेब कुणीही करावा.

आजी प्लेगाची गोष्ट सांगायची. १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि पुढची कितीतरी वर्षं तो फिरून फिरून येत राहिला. घरात उंदीर मरून पडला की लोक गाव सोडून शेतात झोपड्या टाकत. आजी तेव्हा पाच-सहा वर्षांची. तिच्या आईनं पाटीत भांडी घेतली आणि भांड्यांवर फडक्यात बांधलेलं मांजर ठेवलं. "माणसाचे हाल आन् मांजराचे लाड," असं कुणीतरी म्हणालं. तिच्या आईनं ऐकलं नाही. झोपडीत धान्य होतं, धान्याला उंदीर येणार होते.

पुढे शिक्षकी करताना माझ्या वाचनात आलं, की त्याच काळात आपल्या अमरावतीला अँड्र्यू बुकॅनन नावाचा एक सरकारी डॉक्टर होता. त्यानं १९०८ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये लेख लिहून, मांजरं पाळल्यानं प्लेग अडतो, असं मांडलं होतं. प्लेग उंदरांवरच्या पिसवांतून पसरतो, हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरनं १८९८ साली कराचीत दाखवलेलं होतं. आता, मांजरालाही प्लेग होतो, त्यामुळे बुकॅननचं म्हणणं जसंच्या तसं घेता येत नाही. पण माझ्या पणजीला, एका अडाणी बाईला, जे वाटलं, तेच अमरावतीच्या साहेबाला वाटलं होतं, याचा मला आनंद झाला.

आजीच्या म्हणण्याचा पडताळा मला १९७२ च्या दुष्काळात आला. मी बारा वर्षांचा होतो. आई-वडील खडी फोडायला जात. शाळेत सुकडी मिळे, रेशनवर लाल मिलो मिळे. चूल एकवेळची झाली, आणि काही दिवस तेवढीही नाही. त्या हिवाळ्यात आमचं मांजर चुलीत निजलं नाही. ते आमच्या वाकळेत पायांशी येऊन पडे. आजी अंधारात म्हणाली, "बघ, चूल गार हाये हे त्याला कळतं." तेव्हापासून ती म्हण कुणी वापरली की मला आजीचा आवाज ऐकू येतो.

नंतर दिवस पालटले. १९९६ साली आमच्याकडे गॅस आला. तो चुलीच्या जोडीला होता; चहा गॅसवर, भाकरी चुलीवर. २०१४ साली मी जुनं घर पाडलं आणि स्लॅबचं बांधलं. पांढरी फरशी, स्वयंपाकाचा उभा ओटा, मोठ्या खिडक्या. चुलीला जागा ठेवली नाही. याबद्दल मला पश्चात्ताप नाही. आजीचे डोळे धुरानं गेले होते आणि आई हिवाळाभर खोकायची. चुलीचं कौतुक बहुतेक तेच करतात, ज्यांना ती फुंकावी लागली नाही. आईच्या खोलीत मी चांगला पलंग टाकला, जाड गादी घातली. तरी पहिल्याच हिवाळ्यात ती म्हणाली, "घर चांगलं हाये रे, पण बसायला जागा नाही." पाच खोल्यांच्या घरात बसायला जागा नाही, हे मला हट्टी म्हातारपण वाटलं. मी हसून सोडून दिलं.

मग २०१८ चा नोव्हेंबर आला. मी त्या वर्षी निवृत्त झालो होतो. कांद्याची ट्रॉली रिकामी करताना मागचं फाळकं सुटलं आणि खाली बसलेल्या कबरीच्या कमरेवर पडलं. खिट्टी मीच नीट लावलेली नव्हती. कबरी आठ-नऊ वर्षांची, जुन्या घरात जन्मलेली. ती ओरडली नाही. पुढच्या दोन पायांवर स्वतःला ओढत गोठ्यात गेली आणि गव्हाणीखाली शिरली.

तालुक्याच्या डॉक्टरांचा हात गाई-म्हशींवर बसलेला. पण त्यांनी फोटो काढायला लावला, नीट तपासलं. कमरेचं हाड मोडलं होतं, मणका शाबूत होता, लघवी होत होती. म्हणाले, "गुरुजी, सहा आठवडे हिला लहान जागेत कोंडून ठेवा. उडी मारू देऊ नका. हाड आपोआप सांधेल. पण थंडीत जपा. हिला स्वतः उठून उबेला जाता येणार नाही."

हे शेवटचं वाक्य मी ऐकलं, पण समजलो नाही.

डिसेंबरात थंडी पडली ती तुम्हाला आठवत असेल. त्या महिन्यात आमच्या तालुक्यात पारा दोन अंशांच्या आसपास गेला होता. गवतावरचं दव गोठलं होतं. कबरीला मी खोक्यात गोणपाट घालून फरशीवर ठेवलं होतं. पहाटे हात लावला तर तिचे कान आणि पंजे गार, अंग ताठरलेलं. मांजराच्या अंगाची ऊब अडतीस-एकोणचाळीस अंश, आपल्याहून जास्त. धडधाकट मांजर ती हिंडून-फिरून, अंगाची मुटकुळी करून राखतं. कबरीला धड मुटकुळीही करता येत नव्हती.

मी धडपड सुरू केली. बल्ब लावला, तर रात्री दोनला वीज गेली. गरम पाण्याची पिशवी तिच्या कमरेखाली सरकवली. सकाळी पाहतो तर मांडीवरची कातडी लाल झालेली. पिशवी चटका देत होती आणि ही बाजूला सरकू शकत नव्हती. रात्रभर तिनं ते सोसलं होतं. मांजर दुखणं लपवतं, हे तोवर मला ठाऊक नव्हतं. तिला दुखत असेल म्हणून मी घरातली पॅरासिटामॉलची अर्धी गोळी दुधात कुस्करायला घेतली. सुचलं म्हणून आधी डॉक्टरांना फोन केला. ते फोनवर ओरडलेच. "मारायचंय का तिला? ती गोळी मांजराला विष आहे, गुरुजी! अर्धीसुद्धा नाही, पावसुद्धा नाही. माणसाची कुठलीच दुखण्याची गोळी देऊ नका." माझा हात कापायला लागला. बत्तीस वर्षं पोरांना शहाणपण शिकवलं, आणि दयेपोटी मी तिला मारून बसलो असतो.

आई दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "तू शिकलेला हायेस म्हणून मी बोलले नाही. मागच्या पडवीत तीन दगड मांड."

तीन दगडांची चूल झाली. द्राक्षाच्या छाटणीच्या काड्या पेटल्या. आईनं दोन भाजक्या विटा आरात टाकल्या, तापल्यावर काढल्या आणि बराच वेळ निवू दिल्या. मग मनगटाची आतली बाजू विटेवर टेकवली आणि वीस आकडे मोजले. "लेकराच्या पाण्याला बघतो तसं बघायचं. आपल्याला सोसवलं तरच." विटा गोणपाटात गुंडाळल्या, वर गोधडीची घडी. खोकं फरशीवरून उचलून लाकडी पाटावर ठेवलं, खाली भुश्शाची पिशवी. आणि विटा तिनं खोक्याच्या एकाच अंगाला लावल्या.

मी विचारलं, "आई, एकीकडंच का?"

"दुसरीकडं गार नको का? तिला जास्त झालं तर ती जाईल कुठं?"

अर्धं खोकं उबदार, अर्धं साधं. कबरी पुढच्या पायांनी इंच-इंच सरकून विटेशी गेली. तासाभरानं थोडी मागे आली. पहाटे पुन्हा जवळ. तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की हा आमचा जुना भानवस होता. भानवस, वैल, राख: एकाच चुलीपासूनची ही तीन अंतरं. कुणाला किती जवळ यायचं, ते ज्यानं-त्यानं ठरवायचं. मी तिला उष्णता दिली होती, पण लांब होण्याची सोय दिली नव्हती.

पुढचे आठवडे आमचा नेमच झाला. रात्री नऊला आणि पहाटे चारला विटा बदलायच्या. तिच्या शौचासाठी पसरट घमेल्याची एक कड कापून ठोकून घेतली, आत चाळलेली माती. उंच कडेवरून तिला जाता येत नव्हतं. कमरेखालचं अंग तिला चाटता येईना, म्हणून आई ओल्या कोमट फडक्यानं पुसून लगेच कोरडं करी. ओलं राहिलं की थंडी आत शिरते. हिंडणं बंद झाल्यानं नखं वाढून वाकली होती, ती डॉक्टरांकडून कापून घेतली. पाणी आणि खाणं तोंडापाशी. एक गोष्ट मी आईला करू दिली नाही. जळती शेगडी बंद खोलीत न्यायची नाही. त्या न दिसणाऱ्या धुरानं निजलेली माणसंसुद्धा दगावतात.

या सगळ्यात आणखी एक घडलं. आई रात्री जेवणानंतर पडवीत चुलीशी बसू लागली. गुडघ्यांना शेक लागे. बायको शेंगा घेऊन येई, मी पाट ओढून बसे, शेजारच्या काकू डोकावत. आई बोलायला लागली. माहेरचं, बहात्तरचं, आजीचं. चार वर्षं नव्या घरात ती इतकं बोलली नव्हती. तिचंही दुखणं कबरीसारखंच होतं. तिला मी जाड गादी दिली होती, पण उठून जाऊन बसावं अशी उबेची जागाच घरात ठेवली नव्हती. "बसायला जागा नाही" या वाक्याचा अर्थ कळायला मला चार वर्षं आणि एक मोडलेली कंबर लागली.

संक्रांतीच्या सुमाराला कबरी उभी राहिली. मागचा डावा पाय कायमचा ओढत राहिला. खिडकीत चढायला मी तिला विटांच्या तीन पायऱ्या रचून दिल्या. पुढे त्याच पायऱ्यांवर आई उन्हात पाय सोडून बसायची. कबरी आणखी तीन हिवाळे जगली. आई त्यानंतर दोन.

स्वयंपाक आमचा आजही गॅसवरच होतो, आणि तो तसाच व्हावा. २०१६ नंतर उज्ज्वला योजनेतून वस्तीवरच्या घरांतही सिलिंडर गेले, पुष्कळ बायांचे डोळे वाचले असतील. पण पडवीतली चूल मी मोडलेली नाही. तीन दगडांची पक्की मांडणी केली आणि मागे हातभर उंचवटा लिंपून घेतला. हिवाळ्यात अंघोळीचं पाणी तिथं तापतं.

परवा पहाटे उठलो तर कुणाचं तरी उपरं मांजर राखेत मुटकुळी करून पडलेलं. मला बघून उठलं नाही, नुसतं एक डोळा उघडला. मी बादली हळूच खाली ठेवली आणि थोडा वेळ थांबलो.