कामाच्या ठिकाणचे नेतृत्व : हत्थक उपासकाचे चार गुण आणि आपले तरुण

मावळातील शिरगाव, सोमाटणे, तळेगाव दाभाडे, उर्से, आंबी, नवलाख उंबरे या पट्ट्यात आज आपल्या समाजातील अनेक तरुण-तरुणी कारखान्यांत, गोदामांत आणि रुग्णालयांत काम करतात. आयटीआय किंवा डिप्लोमा करून ट्रेनी म्हणून लागायचे, नाहीतर ठेकेदाराकडून कंत्राटी कामगार म्हणून, असा त्यांचा प्रवास सुरू होतो. काही वर्षांनी त्यांतले काही जण लाइन लीडर होतात, सुपरवायझर होतात, एखादी मुलगी वॉर्डची इन्चार्ज होते. हाताखाली दहा-वीस माणसे येतात. पण माणसे कशी सांभाळायची हे सांगणारे घरात कोणी नसते. आधीच्या पिढीने हुकूम ऐकलेला असतो, दिलेला नसतो.

या भागातील तरुणांबरोबर काम करताना आम्हाला वारंवार विचारला जाणारा प्रश्न असा : पद मिळाले, पण माणसे ऐकत नाहीत, काय करावे? बाजारात यावर पुस्तके आणि व्हिडिओ भरपूर आहेत. त्यांतील बहुतेक सल्ला साहेब लोकांसाठी असतो. आपल्या परंपरेत मात्र याच प्रश्नाचे नेमके उत्तर आहे, आणि ते एका उपासकाने दिलेले आहे.

हत्थक आळवक कोण होता?

आळवी नगरातील हत्थक हा बुद्धांचा गृहस्थ उपासक. अंगुत्तर निकायाच्या आठव्या निपातात त्याची हकिगत येते. तो पाचशे उपासकांसह बुद्धांना भेटायला गेला, तेव्हा बुद्धांनी त्याला विचारले की एवढी मोठी परिषद तू कशी एकत्र ठेवतोस? त्याने सांगितले की आपण शिकवलेल्या चार संग्रहवस्तूंनी. जो दानाने जोडला जाईल त्याला दानाने, जो प्रिय वचनाने जोडला जाईल त्याला प्रिय वचनाने, कोणाला अर्थचर्येने म्हणजे त्याच्या हिताचे काम करून, आणि कोणाला समानात्मतेने म्हणजे बरोबरीच्या वागणुकीने.

हत्थकाने पुढे आणखी एक खरी गोष्ट सांगितली. माझ्या घरी संपत्ती आहे, गरीब माणसाचे लोक असे ऐकत नाहीत, असे तो म्हणाला. अडीच हजार वर्षांपूर्वीचा हा कबुलीजबाब आपल्या तरुणांनी नीट लक्षात घ्यावा. घराण्याचे नाव, पैसा, जातीचे वजन ज्याच्या मागे असते त्याचे म्हणणे आधीच अर्धे ऐकून घेतले जाते. आपल्या मुलांच्या मागे यांतले काहीच नसते. म्हणून त्यांना उरलेले गुण अधिक कसून कमवावे लागतात. हे न्याय्य नाही, पण वस्तुस्थिती अशी आहे.

दान : आपल्याजवळ जे आहे ते वाटणे

लाइन लीडरच्या हातात पगारवाढ नसते. पण त्याच्याकडे कामाचे ज्ञान असते, आणि ते दडवून ठेवण्याची सवय कारखान्यात फार आहे. 'ही सेटिंग फक्त मलाच येते' यात अनेकांना आपली नोकरी सुरक्षित वाटते. खरा नेता हेल्परला व्हर्निअर धरायला शिकवतो, ड्रॉइंग वाचायला शिकवतो, माल रिजेक्ट का झाला हे दाखवतो. श्रेय वाटणे हेही दानच. मशीनमधला दोष हेल्परने पकडला असेल, तर मीटिंगमध्ये त्याचे नाव घ्यावे.

वाटण्याआधी स्वतःजवळ काही असावे लागते. त्यामुळे आपल्या कामात पक्के असणे ही पहिली अट आहे. ज्याला काम येत नाही त्याचा गोड स्वभाव पहिल्या ब्रेकडाऊनपर्यंतच टिकतो.

प्रिय वचन : गोड बोलणे नव्हे, नीट बोलणे

शिवी देऊन काम करून घेणे ही शॉप फ्लोअरवरची जुनी रीत आहे. ज्याने ट्रेनी असताना शिव्या खाल्ल्या, तो सुपरवायझर झाल्यावर त्याच शिव्या देतो आणि त्याला शिस्त म्हणतो. ही साखळी कोणीतरी तोडावी लागते.

चुकीबद्दल बोलावेच, पण बाजूला घेऊन, चुकीपुरते आणि लगेच. चारचौघांत अपमान झालेला माणूस काम सुधारत नाही, तो चूक लपवायला शिकतो. शिफ्ट सुरू होताना पाच मिनिटांची टूलबॉक्स टॉक अनेक ठिकाणी असते. ती केवळ टार्गेट सांगण्यात न घालवता काल काय अडले ते विचारावे. वज्जी गणराज्याचा ऱ्हास का होणार नाही हे सांगताना बुद्धांनी पहिल्या दोन गोष्टी सांगितल्या, वारंवार एकत्र जमणे आणि एकोप्याने जमून एकोप्याने उठणे. दहा माणसांच्या लाइनलाही हे लागू पडते.

अर्थचर्या : माणसाच्या हिताचे काम

याची कसोटी सुरक्षेत लागते. पॉवर प्रेसला दोन हातांची बटणे असतात, कारण दोन्ही हात बटणावर असले की बोटे डायखाली येत नाहीत. वेग वाढवण्यासाठी कधी एक बटण बांधून ठेवले जाते, सेन्सर बंद केला जातो. त्या दिवशीचे उत्पादन वाढते, आणि एखाद्या दिवशी कोणाची तरी बोटे जातात. तो 'कोणीतरी' बहुधा नवखा कंत्राटी मुलगा असतो. अशा वेळी 'मशीन थांबवा' म्हणणारा सुपरवायझर हवा. तो वरिष्ठांना अप्रिय होऊ शकतो. त्याने हे लेखी कळवावे, तारीख-वेळेसह, म्हणजे जबाबदारी एकट्याच्या अंगावर पडत नाही.

या बाबतीत नारायण मेघाजी लोखंडे यांचे उदाहरण आपल्यासमोर आहे. सत्यशोधक चळवळीतले लोखंडे मुंबईच्या गिरणीत स्टोअरकीपर होते. त्यांची नोकरी कचेरीतली होती, अंगमेहनतीची नव्हती. तरी त्यांनी कामगारांचे हाल पाहिले आणि त्यांची बाजू घेतली. १८८० पासून त्यांनी 'दीनबंधू' चालवले. १८८४ मध्ये बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन स्थापन केली आणि सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार केले. आठवड्याची सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, वेळेवर पगार आणि जखमी कामगाराला भरपाई अशा त्या मागण्या होत्या. १८९० च्या एप्रिलमध्ये त्यांनी भरवलेल्या मोठ्या सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. त्याच वर्षी १० जूनला गिरणीमालकांच्या संघटनेने रविवारची सुट्टी मान्य केली.

आज आपण जो रविवार घरी घालवतो त्यामागे सहा वर्षांची चिकाटी आहे. लोखंड्यांनी माहिती गोळा केली, मागण्या मोजक्या आणि स्पष्ट ठेवल्या, सह्या घेतल्या आणि ज्यांचा प्रश्न होता त्यांना बोलायला उभे केले. हे चारही धडे आजच्या तरुणाला आपल्या खात्यात वापरता येतील.

समानात्मता : सर्वांत कठीण गुण

चौथा गुण बोलायला सोपा आणि पाळायला अवघड आहे. कारखान्यात पायऱ्या असतात. कायम कामगार वर, कंत्राटी खाली, त्याखाली हेल्पर आणि सगळ्यांत खाली हाऊसकीपिंग. कॅन्टीनची टेबले वेगळी, कधी गणवेशाचे रंगही वेगळे. टॉयलेट साफ करणारी मावशी आणि नवा सुपरवायझर एकाच वस्तीतून आलेले असतात, एकाच विहारात वंदनेला बसतात. कंपनीच्या गेटच्या आत तो तिला ओळख देतो का, हा आमच्या मते नेतृत्वाच्या परीक्षेतला सर्वांत मोठा प्रश्न आहे.

मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्य कामगारांना विणाई खात्यात घेत नसत. तुटलेला धागा थुंकी लावून जोडावा लागे, आणि त्यामुळे विटाळ होतो असे सवर्ण कामगार म्हणत. या खात्यात मजुरी जास्त होती. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला. मालकाविरुद्ध एक होणारे कामगार आपसात समान नव्हते, हे त्यांनी दाखवून दिले.

पुढे १२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ रोजी मनमाडला जी. आय. पी. रेल्वेच्या दलित कामगारांची परिषद झाली. तेथे बाबासाहेबांनी कामगारांचे दोन शत्रू सांगितले, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. ब्राह्मणशाही म्हणजे स्वातंत्र्य, समता आणि बंधुता यांना नकार देणारी वृत्ती, ती कोणत्याही एका जातीपुरती नाही, हेही त्यांनी स्पष्ट केले. याचा अर्थ आपल्या तरुणाने स्वतःकडेही पाहायला हवे. बिहार-उत्तर प्रदेशातून आलेल्या मजुराला 'ए भय्या' म्हणून हाक मारणारा, बाईच्या हाताखाली काम करायला लाजणारा, आपल्यापेक्षा मागे राहिलेल्या जातीच्या हेल्परला वेगळ्या पेल्यात पाणी देणारा माणूस निळा झेंडा लावत असला तरी त्या वृत्तीतून सुटलेला नाही.

आपल्यालाच नाकारले जाते तेव्हा

दुसरी बाजूही आहे. आडनाव कळेपर्यंत सगळे ठीक असते, कळल्यावर सूर बदलतो. 'कोट्यातून आला' असे खासगी कंपनीतही ऐकवले जाते, जिथे आरक्षण लागूच नाही. काही तरुण मग मोबाइलवरचा बाबासाहेबांचा फोटो काढून टाकतात, जयंतीची सुट्टी मागायला कचरतात.

आमचा सल्ला असा. पहिले, ओळख लपवू नका. लपवलेली गोष्ट कधीतरी उघड होतेच, आणि लपवणाऱ्याचा आवाज तोवर दबलेला राहतो. दुसरे, प्रत्येक टोमण्यावर भांडू नका, पण नोंद ठेवा : तारीख, शब्द, हजर असलेली माणसे. तिसरे, जातिवाचक अपमान सहन करण्याची गोष्ट नाही. १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा कारखान्याच्या भिंतीपाशी थांबत नाही. चौथे, दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी २०१३ च्या कायद्यानुसार अंतर्गत समिती असलीच पाहिजे. आपल्या खात्यातील प्रत्येक बाईला तिच्या सदस्यांची नावे माहीत आहेत का, हे विचारणे हेही नेत्याचे काम आहे.

हे गुण अंगी कसे येतात?

हत्थक निघून गेल्यावर बुद्धांनी भिक्खूंना त्याचे आठ गुण सांगितले : श्रद्धा, शील, वाईटाची लाज, वाईटाचे भय, बहुश्रुतता, त्याग, प्रज्ञा आणि अल्पेच्छता. हे सगळे सवयीने वाढणारे गुण आहेत. वाईटाची लाज म्हणजे ओव्हरटाइमची खोटी नोंद न करणे, कामाला लावून देण्यासाठी ठेकेदाराकडून किंवा गरजू मुलाकडून पैसे न घेणे. बहुश्रुतता म्हणजे आपल्या शेजारचे मशीनही शिकणे, पगाराची स्लिप आणि भविष्य निर्वाह निधीची नोंद वाचता येणे. प्रज्ञा म्हणजे रागात निर्णय न घेणे. त्यासाठी रोज वीस मिनिटांचे आनापान ज्याला जमते त्याने जरूर करावे.

अल्पेच्छतेबद्दल त्याच निपातात एक गोष्ट आहे. बुद्धांनी तुझी स्तुती केली, असे एका भिक्खूने हत्थकाला सांगितले. त्याने विचारले, तेव्हा तिथे कोणी गृहस्थ तर नव्हता ना? नव्हता, हे कळल्यावर त्याला बरे वाटले. आपले गुण लोकांना कळावेत अशी त्याची इच्छा नव्हती. नियुक्तीचे पत्र हाती पडताच चौकात फ्लेक्स लावणाऱ्या पिढीने ही गोष्ट वाचावी.

पद हे कंपनीचे असते. तळेगावातील जनरल मोटर्सच्या कारखान्यात २०२० च्या डिसेंबरमध्ये उत्पादन थांबले, आणि तिथली पदेही कायम राहिली नाहीत. माणसाबरोबर त्याचे काम, त्याचा शब्द आणि त्याने जोडलेली माणसे गेली. शिरगावपासून जवळच देहूरोडला २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी स्वतः बुद्धमूर्तीची स्थापना केली. दरवर्षी आपण तेथे मोठ्या संख्येने जातो. या वर्षी जाताना आपल्या लाइनवरच्या एका कंत्राटी मुलाला, हाऊसकीपिंगच्या एका मावशीलाही बरोबर घ्यावे, आणि दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये त्यांच्याच टेबलावर डबा उघडावा.

जय भीम, नमो बुद्धाय.